गोव्यातनं मनाली-लेह सायकलवर: गाइड कसा बघायचा, चोर्ल्यात किती घाम गाळायचा

पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा, सगळीकडे हल्ली सायकलवाल्यांचे ग्रुप झालेत आणि त्यात कोणीतरी दरवर्षी विचारतंच की मनाली-लेह आपल्याला झेपेल का, आपण तर समुद्राच्या काठची माणसं. झेपतं. पण त्यासाठी जे लागतं त्यातलं निम्मंच गोव्यात कमावता येतं. पाय, पाठ, बूड, सायकलची सवय, हे सगळं इथे होतं. विरळ हवेची सवय इथे होत नाही, कितीही चोर्ला घाट मारा, आणि ती तिकडे कशी होणार हे गाइडने आखलेल्या मुक्कामांवर ठरतं. म्हणून मी सायकल आणि जॅकेटच्या आधी गाइडबद्दल लिहितोय.

आधी रस्ता थोडक्यात. मनाली साधारण २०५० मीटरवर. जुन्या रस्त्याने मढीवरून रोहतांग (३९७८ मीटर) चढायचा, पलीकडे कोकसरला उतरायचं, मग चंद्रा नदीच्या काठाने सिस्सू, तांदी (इथे चंद्रा आणि भागा मिळतात), केलाँग, जिस्पा, दारचा. दारच्यानंतर गावं संपली, पुढे तंबूतले ढाबे आणि आर्मी. मग बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), सरचू, गाटा लूप्स, नकी ला, लाचुलुंग ला, पांग, मोरे मैदान, तांगलांग ला, आणि तिथून रुमत्से, उपशी करत सिंधूच्या काठाने लेह. पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. अंतर काही फार नाही, गोव्यातले कितीतरी जण ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) याहून जास्त मारतात, पण बारालाचा ४८९० मीटरच्या आसपास आणि तांगलांग ५३०० च्या वर, तिथे हवेचा दाब आपल्या मिरामार किनाऱ्यावरच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन पण निम्माच. ब्रेव्हेवाले पोरगे कधीकधी इथेच आडवे होतात कारण अंगात ताकद असते, पहिल्या दोन दिवसांत जोरात हाणतात.

तर गाइड. टूर किती दिवसांची आणि कितीला, हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हाच की रोज रात्री झोपवणार किती मीटरवर. सगळी यादी लिहून मागा. डॉक्टर लोकांचा साधा नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरच्या वर वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा तुम्ही कितीही वर चढून या, रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचं. आता या रस्त्यावर नियम शंभर टक्के पाळणं कठीण, कारण मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत, पण चांगला गाइड त्याच्या जवळ जायचा प्रयत्न करतो आणि स्वस्तातला करत नाही.

हे नीट बघायचं तर जिस्पा ते सरचू एवढाच तुकडा बघा. जिस्पा साधारण ३२०० मीटर, सरचू ४३०० च्या जवळ. जीपवाले हे एका दिवसात करतात आणि काही सायकल टूरवाले पण त्यातलं बरंचसं अंतर गाडीत घालून एकाच दिवसात उरकतात, म्हणजे एका रात्रीत झोपायची उंची अकराशे मीटर वाढली. सरचूत रात्री डोकं फुटायला लागतं ते यामुळे. आणि खरी गोची त्याच्यापुढे आहे, उंची लागली की औषध एकच, खाली उतरा, पण सरचूतून खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. मागे मनालीकडे जायचं तर बारालाचा मध्ये आडवा, पुढे लेहकडे जायचं तर नकी ला आणि पाच हजाराच्या वरचा लाचुलुंग, आणि ते पार करून येणारं पांग सरचूपेक्षा उंच, ४६०० मीटरच्या आसपास. पांगला आर्मीचा ट्रान्झिट कॅम्प आहे, अडल्यानडल्याला तिथे मदत मिळते, पण तिथपर्यंत पोचायला पाहिजे ना.

म्हणून ज्याच्या आखणीत जिस्पाला दोन रात्री आहेत, मधल्या दिवशी दारच्याच्या वर जरा फिरून परत खाली झोपायला आणतो, मग पत्सेव (३८०० च्या आसपास), मग झिंगझिंगबार (४२०० च्या वर), आणि त्यानंतर बारालाचा ओलांडून सरचू, तो गाइड धरा. झिंगझिंगबार आणि सरचू झोपायच्या उंचीला जवळजवळ सारखे, म्हणजे बारालाचाच्या दिवशी तुम्ही ४८९० पर्यंत चढता आणि परत कालच्याच लेव्हलला झोपता, शरीराला यासारखं दुसरं काही नाही. तीन दिवस जास्त लागतात, पैसे जास्त लागतात, द्या.

बाकीचे प्रश्न भराभर सांगतो. सपोर्ट गाडी पुढे जाऊन लंचच्या जागी उभी राहते की शेवटच्या सायकलच्या मागे चालते? मागेच पाहिजे. सगळ्यात शेवटी सायकलवर कोण असतो? कोणीतरी गाइडचाच माणूस पाहिजे, त्याला स्वीप म्हणतात, आणि तो कंटाळणारा नको. ऑक्सिजन सिलिंडर किती आणि किती वेळ पुरेल? पांढरा पत्र्याचा कॅन दाखवला तर तो खेळ आहे, खरा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्क बघून घ्या. मेकॅनिककडे डिरेलरचे (साखळी गिअरवर सरकवणाऱ्या यंत्राचे) हँगर कुठल्या कुठल्या मॉडेलचे आहेत? आणि सर्वात महत्त्वाचं, माणसाला गाडीत बसवायचा निर्णय कोणाचा? गाइड म्हणाला की राइडरचाच, आम्ही जबरदस्ती करत नाही, तर तो गाइड सोडा. त्या उंचीवर दुखणं लागलेल्या माणसाला स्वतःचं डोकं चालत नाही हे स्वतःला कळत नाही, तिथे जबरदस्ती करणाराच माणूस हवा. लाहौलचे जुने गाइड याबाबतीत भारी असतात, दिवसभर फक्त 'सर, धीरे' एवढंच बोलतात आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.

आखणीत एक तरी जादा दिवस मोकळा असायलाच हवा. २०१८ च्या सप्टेंबरात लाहौलमध्ये असा बर्फ पडला की शेकडो लोक दिवसचे दिवस अडकले, २०२३ च्या जुलैत बियास नदीने कुल्लू-मनालीचा रस्ताच नेला. परतीचं तिकीट ट्रिप संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढून ठेवणारा माणूस मग आजारी असतानाही पुढे जाऊया म्हणतो, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

जायचं कधी. रस्ता साधारण मे-जूनला उघडतो आणि ऑक्टोबरात आटोपतो. सप्टेंबर सर्वात चांगला, आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, रात्री मात्र सरचू-पांगला पारा शून्याच्या खाली. पण आपल्याकडे चवथ (गणेशचतुर्थी) असते आणि चवथीला घरी नसलेला गोंयकार पुढची दहा वर्षं ऐकत बसतो. तर हिशेब सोपा, चवथ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असेल तर विसर्जन करून निघा, सप्टेंबरच्या मध्यावर गेली तर त्या वर्षी जूनचा शेवट धरा. जूनमध्ये बारालाचाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती दिसतात, फोटो जोरदार येतात, पण नाले भरलेले असतात. जुलै-ऑगस्ट मला आवडत नाही, लडाख कोरडं असतं हे खरं पण मनाली ते केलाँग दरडींचा काळ.

आता गोव्यातली तयारी. जूनला जाणार तर मार्च ते मे उन्हात, सप्टेंबरला जाणार तर पावसात, सुख कशातच नाही. शनिवार-रविवार पाठोपाठ दोन दिवस लांब राइड हा मुख्य प्रकार. शनिवारी साखळी-केरीवरून चोर्ला, रविवारी मोल्याहून अनमोड, दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी चढायची सवय होते तीच कामाची, कारण तिकडे रोज तेच. आठवड्यात वेळ नसेल तर पणजीवाल्यांनी आल्तिनो, फोंडेवाल्यांनी फर्मागुडीचा चढ, वास्कोवाल्यांनी मांगोर हिल, परत परत वर-खाली करा, लोक बघतात, बघू दे.

आणि चोर्ला स्ट्रावा अ‍ॅपवर वेळ लावण्यासाठी चढू नका. सर्वात हलका गिअर टाका, सीटवर बसून राहा, तोंड मिटून फक्त नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच जोराने चढा. ताशी सात-आठ किलोमीटर. सुरुवातीला अपमान वाटतो, केरीचा पोदेर पाव घेऊन पुढे निघून जातो, पण गाटा लूप्सला तुमचा हाच स्पीड असणार, किंवा याहून कमी, आणि एवढ्या हळू सायकल सरळ चालवणं ही पण एक कला आहे, हँडल डुगडुगतं, खड्डा चुकवताना तोल जातो. ते इथे शिकून घ्या. घाटात बेळगावच्या गाड्या सुसाट येतात, धुक्यात तर अजिबात दिसत नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पावसात रात्रभर ओली साखळी तशीच ठेवली तर आपल्या खाऱ्या हवेत सकाळी केशरी होते, घरी आल्यावर अंघोळीच्या आधी साखळी पुसून ऑइल.

सायकल एमटीबीच घ्या असं काही नाही, रस्ता आता बराच डांबरी आहे, पण खराब तुकडे आले की लांबच लांब येतात, तेव्हा टायर निदान दोन इंची असलेला बरा. गिअर बघताना पुढची सर्वात छोटी चकती मागच्या सर्वात मोठ्या चकतीपेक्षा लहान पाहिजे, दात मोजा, पुढे बावीस-चोवीस आणि मागे चौतीस-छत्तीस असेल तर मस्त. डिस्क ब्रेकचे पॅड नवीन टाका आणि एक जोडी जादा, कारण रोहतांगचा उतार आणि तांगलांगचा उतार लांबलचक आहेत, ब्रेक सतत दाबून धरलात तर तापून सुटतात, दाबा-सोडा-दाबा असं उतरायचं. स्वतःची सायकल नेणं झंझट वाटलं तर मनालीत भाड्याने मिळते, बहुतेक गाइडच देतात, फक्त सॅडल आणि पेडल आपलं घेऊन जा, बूड त्या सॅडलला सरावलेलं असतं.

स्वतःची न्यायची तर मोपा किंवा दाबोळीहून दिल्लीपर्यंत विमानात बॉक्समध्ये, सायकलच्या दुकानात नव्या सायकलचे रिकामे खोके मागितले की मिळतात. पेडल काढा, हँडल फिरवा, पुढचं चाक काढा, डिरेलर सोडून आत बांधा, हवा कमी करा, आणि काट्याच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर वर कोणीतरी बॅग टाकतं आणि फोर्क वाकतो. टायरमध्ये हवा भरायचे सीओटूचे कार्ट्रिज घरीच ठेवा, साधा पंप घ्या. ट्रेनने जायचं तर मडगावहून दिल्लीला आणि चंदीगढला थेट गाड्या आहेत, सायकल पार्सलमध्ये बुक करायची, वेळेच्या बरंच आधी स्टेशनवर जा. पुढे मनालीची वोल्वो, डिकीत सायकल टाकायला कंडक्टर वेगळे पैसे मागतो, घासाघीस करा.

एक गोष्ट अजिबात बॅगेत टाकू नका, सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र, गार्मिनचं इनरीच वगैरे. भारतात लायसन्सशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आपल्या दाबोळीलाच परदेशी पाहुण्यांना यावरून पोलिसांनी धरलेलं आहे. साधा सायकल कॉम्प्युटर चालतो. मोबाइलचं म्हणाल तर लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं, आणि दारचा ते उपशी नेटवर्क धरूनच चालू नका, घरी आईला आधीच सांगून ठेवा की चार-पाच दिवस फोन लागणार नाही, नाहीतर ती गाइडला फोन करकरून भंडावून सोडेल. एटीएम पण केलाँगनंतर विसरा, रोख घ्या.

कपड्यांत गोव्यातल्या माणसाचा गोंधळ होतो कारण घरात गरम कपडा म्हणजे दिल्लीला लग्नाला घेतलेला एक स्वेटर. जाड एकच जॅकेट नको. अंगाला चिकटून सुकणारा टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, आणि संध्याकाळी तंबूत घालायला डाउन जॅकेट. चढताना घाम येतो तेव्हा काढत जा, खिंडीवर पोचल्यावर थंडी वाजायच्या आधीच सगळं घाला, उतारावर ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी थांबत नाही. हातमोजे दोन जोड. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नाही, हे लिहावं लागतं. सनस्क्रीन नाकाच्या खालून पण लावा, बर्फावरून ऊन उलटं येतं.

रोजचं वेळापत्रक पहाटेचं ठेवा. रात्री थंडीने बर्फ वितळायचं थांबतं, त्यामुळे सकाळी नाल्यात पाणी घोट्याएवढं असतं आणि दुपारनंतर तेच गुडघ्यापर्यंत येतं, झिंगझिंगबारच्या आसपास हे फार होतं. वारापण दुपारी सुटतो, मोरे मैदानावर तर समोरून असा येतो की सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकावा लागतो. गाटा लूप्सला २१ वळणं आहेत, मोजत बसू नका, प्रत्येक तीन-चार वळणांनी थांबा, पाणी, दोन खजूर, पुढे. तिथे एका कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल, तिथे मेलेल्या एका ट्रक क्लीनरच्या भुताला तहान लागते म्हणून लोक ठेवून जातात. ट्रकवाले मनापासून ठेवतात, थट्टा करू नका.

खाणं ढाब्यावर राजमा-चावल, डाळ, मॅगी, ऑम्लेट, पुढे थुकपा. भूक मरते तरी खायचं, भात खा, तेलकट कमी. मासे मिळणार नाहीत. सुक्या सुंगटांची किसमूर डब्यात नेणारे लोक असतात, जीभ सुटते हे खरं पण तंबूत डबा उघडला की बाकीचे बाहेर, तेव्हा बाहेर बसूनच खा. उर्राक, फेणी, बीअर, काहीही असो, लेहला पोचून दोन दिवस होईपर्यंत बंद, झोपेच्या गोळ्या पण बंद, दोन्हीमुळे झोपेत श्वास मंद होतो आणि तिथे आधीच श्वासाची टंचाई. पाणी तीन-चार लिटर, त्यात ओआरएस.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. स्वतःच्या मनाने घेऊ नका, जायच्या आधी आपल्या डॉक्टरकडे जा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, बीपी-हार्ट-दमा काही असेल तर सांगा. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा बेचव लागतो, ते चालतं. ऑक्सिमीटर घेतलात तर सरचूत ऐंशीच्या घरातला आकडा बघून घाबरू नका, बऱ्याच जणांचा तेवढाच येतो, आणि बोट गार असलं तर मशीन काहीही दाखवतं, हात काखेत गरम करून परत मोजा. आकड्यापेक्षा माणूस बघा.

माणूस असा बघायचा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर आज वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, कमी नाही झालं तर खाली. त्यापुढची पायरी तंबूच्या बाहेर तपासता येते. जमिनीवर काठीने रेघ ओढा आणि त्या माणसाला टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. बाजूला झुकला, पाय फाकवला, पडायला झाला, किंवा उगाच चिडला आणि असंबद्ध बोलला, तर मेंदूला सूज येतेय असं समजून रात्रीचे दोन वाजले असले तरी ऑक्सिजन लावून गाडीतून खाली. बसल्या जागी धाप, छातीत घरघर, खोकला, गुलाबी फेस, हे फुफ्फुसात पाणी होतंय त्याचं लक्षण, त्यालाही तेच. सकाळी बघू हे शब्द तिथे चालत नाहीत. लेहच्या एसएनएम हॉस्पिटलला अशा पेशंटची रोजची सवय आहे. हे रेघेचं प्रकरण ग्रुपमधल्या प्रत्येकाला यायला पाहिजे, कारण कधी गाइडच आजारी पडतो.

लेहला (३५०० मीटर) पोचल्यावर हवा एकदम दाट वाटते, जिने चढताना हसू येतं. खारदुंग ला करायचा तर एक दिवस झोप काढून मग, वर जुन्या बोर्डावर ५६०२ मीटर लिहिलेलं होतं पण खरी उंची ५३६० च्या आसपास, म्हणजे तुम्ही तांगलांगला जवळजवळ तेवढंच चढून आलेला असता, फोटो काढा पण अर्धा तास तिथे रेंगाळू नका.

परत येताना लेहहून विमान, सायकल परत खोक्यात, खोकं शोधायला एक दुपार जाते म्हणून गाइडला आधीच सांगून ठेवा. लेहची विमानं सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, तेव्हा दिल्ली-गोवा तिकीट त्याच संध्याकाळचं न काढता दुसऱ्या दिवसाचं काढा.